कापसात पोहायला शिकवणारं पुस्तक

माझ्या मामांना वाचता येत नव्हतं, आणि माझ्यासाठी पुस्तकं आणायचं काम मात्र त्यांच्याकडेच होतं. माझ्या लहानपणच्या वाचनाची सगळी तऱ्हा या एका गोष्टीनं ठरवली.

आम्ही टेंभुर्णीचे. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मामांचं गाव हद्दीपलीकडे वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. तिकडचे लोक आमच्या भागाला मोगलाई म्हणायचे आणि आम्ही मामांकडे गेलो की ‘मोगलाईतले पाव्हणे आले’ म्हणून गल्लीतली पोरं बघायला यायची. आमच्याकडे पुस्तकाचं दुकान म्हणजे थेट जालन्याला. तिथे दादा जायचे ते जिनात कापूस घालायला, आणि कापूस घालून झाला की मीठ, गूळ, बैलांच्या घुंगरमाळा असं सगळं त्यांना आठवायचं. पुस्तक आठवणं शक्यच नव्हतं. दादा म्हणजे माझे वडील. आत्या त्यांना दादा म्हणायची, म्हणून सगळं घरच त्यांना दादा म्हणायचं.

शाळा आमच्या घराला भिंतीला भिंत लावून होती. घरात लुडबुड करण्यापेक्षा तिथे बसलेली बरी, एवढ्याच विचारानं मला शाळेत बसू दिलं होतं. एकच मास्तर, सकाळी मराठी शिकवायचे, दुपारी उर्दू. मराठीचं क्रमिक पुस्तक माझं इतकं पाठ झालं होतं की मास्तरांनी पान उलटायच्या आत मी पुढच्या पानावरचं म्हणायचे आणि छडी खायचे. घरात एक पोथी होती, पण ती देवघरात लाल कापडात बांधलेली. अंघोळीशिवाय तिला हात लावायची सोय नव्हती, आणि अंघोळ करून वाचावी इतकी ती मला आवडत नव्हती. तेव्हा मी मामांना गळ घातली.

“मामा, मला गोष्टीचं पुस्तक आणा.”

“कशाची गोष्ट पाह्यजे?”

“कशाचीबी. पण लई मोठी पाह्यजे.”

मामा दिवाळीनंतर कापसाची गाडी घेऊन खामगावला जायचे. गाडी रिकामी झाल्यावर ते पुस्तकांच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. दुकानदाराला विचारलं असतं तर त्यानं दहा गोष्टीची पुस्तकं काढून दिली असती. पण विचारलं की आपल्याला वाचता येत नाही हे त्याला कळणार! मामा मोठे तालेवार, पिळदार मुंडासं बांधणारे. त्यांनी मागे हात बांधून सगळी पुस्तकं न्याहाळली, जणू काही घरी यातली निम्मी आहेतच. एका पुस्तकावर छातीपर्यंत पाण्यात असलेला मिशीवाला माणूस होता. त्याचा एक हात वर होता आणि तोंड उघडं. मामांना ते चित्र बघून कळवळा आला. हा तर बुडून राह्यला! बुडणाऱ्या माणसाची गोष्ट वाईट कशी असेल? त्यांनी बोट दाखवलं आणि म्हणाले, “ते द्या.”

आमच्याकडे येताना हद्दीवर करोडगिरीचा नाका लागायचा. तिथे आल्या-गेल्या मालावर जकात घेत आणि गाडीतला चारासुद्धा उपसून बघत. इंग्रजी मुलखातून येणाऱ्या छापील कागदाकडे तर शिपाई फार संशयानं बघायचे. त्यांनी मामांचं पुस्तक उघडलं. आत पानापानावर तोच मिशीवाला, आखूड चड्डी घातलेला, कधी पालथा, कधी उताणा.

“ये क्या है?” शिपायानं विचारलं.

“पुस्तक हाय. भाचीसाठी घेऊन चाललोय.”

“भाची के वास्ते नंगे आदमी की किताब?”

“नंगा न्हाई हो साहेब, बुडून राह्यलाय बिचारा. कपडे वाहून गेले असतील.”

हे मामांनीच आमच्या ओसरीवर बसून सांगितलं, आणि पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाले, “वाच आता. अन् त्याचं पुढं काय झालं ते मला सांग. वाटंनं सारखा जीवाला घोर लागून राह्यला.”

मी पहिलं पान उघडलं. ते पोहण्याचं पुस्तक होतं. पाण्यात कसं उतरावं, श्वास कसा घ्यावा, हात कसे मारावेत, पाय कसे झाडावेत. गोष्ट म्हणून त्यात काही नव्हतं. मला रडू कोसळलं. पण मामा आशेनं माझ्याकडे बघत होते, म्हणून मी नाक ओढत म्हणाले, “अजून पाण्यातच हाय तो.” मामा म्हणाले, “असू दे, असू दे, जल्दी न्हाई,” आणि जेवायला उठले.

आत्या तेव्हा विशीची होती. भोकरदनला तिचं लग्न करून दिलं होतं. नवरा तापानं गेला आणि ती परत आमच्याकडे आली. घरात तिला कोणी टोचून बोलत नव्हतं, पण तिला हसवतही कोणी नव्हतं. सणावाराला ती आपण होऊन मागच्या खोलीत जाऊन बसायची. त्या खोलीत हंगामात कापूस भरलेला असायचा, सरकीसकट, पार आढ्यापर्यंत. वेचून आणलेल्या कापसातला काडीकचरा काढायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं होतं. मी ते पुस्तक घेऊन तिथेच गेले, कारण रडायला तीच खोली बरी होती. कापसात आवाज होत नाही.

“काय झालं गं?” आत्यानं विचारलं.

“मामानं गोष्टीचं म्हणून आणलं अन् गोष्टच न्हाई यात.”

तिनं पुस्तक हातात घेतलं. तिला अक्षरओळख नव्हती, पण ती चित्रं बघत राहिली. मिशीवाला पालथा, मिशीवाला उताणा, मिशीवाला कुशीवर. शेवटच्या पानावर तो काठावर बसून पंच्यानं डोकं पुसत होता.

“वाचला की गं हा!” आत्या म्हणाली. “अन् तू म्हणती गोष्ट न्हाई. कसा वाचला ते वाच बघू.”

झालं. आमचं वाचन सुरू झालं. मी वाचायचे आणि आत्या कापूस साफ करता करता ऐकायची. मध्येच विचारायची, हा पाण्यात उतरलाच कशाला? याच्या घरचे कुठं गेले? मग तीच ठरवायची की त्याची बायको नदीपलीकडे माहेरी असेल आणि पुराचं नाव सांगून ती परत येत नसेल. पुस्तकात लिहिलं होतं की पाय बेडकासारखे आखडून मागे झाडावेत. आत्या म्हणाली, “सासऱ्यानं बघितलं असंल त्याला असा येताना.” आणि ती हसली. तिला मी इतक्या मोठ्यानं हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

पुस्तकात एक सूचना होती की पाण्यात उतरण्यापूर्वी एखाद्या बाकावर पालथं पडून हातापायांची सवय करावी. आमच्याकडे बाक नव्हता. कापूस होता. मी ढिगावर पालथी पडले आणि हातपाय मारू लागले. आत्या थोडा वेळ बघत राहिली.

“चुकून राह्यली तू. हात आधी पुढं जातात, मंग पाय. त्या चित्रात बघ.” आणि लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून ती माझ्या शेजारी कापसात पडली.

कापसात पोहणं हे काही सुखाचं काम नाही. अंगाला खाज सुटते, कानात तंतू जातात, आणि तोंड उघडलं की घशात कापसाचा बोळा. पण त्याचा एक फायदा झाला. तोंड मिटून ठेवायचं आणि योग्य वेळीच श्वास घ्यायचा हा धडा, जो पुस्तकाच्या मते सगळ्यात अवघड होता, तो आम्हाला न शिकवता आला. रोज दुपारी आई जरा आडवी झाली की आम्ही दोघी कापसात पोहायचो. संध्याकाळी आमच्या वेण्यांना कापूस चिकटलेला बघून आई म्हणायची, “किती राबून राह्यल्या गं तुम्ही!”

पुढच्या धड्यात भांड्यात पाणी घेऊन तोंड बुडवायला आणि आत डोळे उघडायला सांगितलं होतं. आत्यानं न्हाणीत तांब्याचं घंगाळ भरलं, गुडघे टेकले आणि तोंड बुडवलं. मी बाहेर उभी राहून अंक मोजत होते. नेमकी तेव्हा आई आली. तिला दिसली ती घंगाळात डोकं खुपसून निपचित बसलेली नणंद.

“अगं बाई! वन्सं! असं काय आभाळ कोसळलं तुमच्यावर!” आई किंचाळली आणि तिनं आत्याचा अंबाडा धरून तिला वर ओढलं.

आत्या नाकातोंडातून पाणी गाळत म्हणाली, “वहिनी, सोडा, सोडा. पव्हायला शिकून राह्यले मी.”

“घंगाळात?”

याचं उत्तर पुस्तकात होतं, पण पुस्तक कापसाखाली दडवलेलं. आईनं आत्याला जवळ घेतलं आणि डोळे पुसले. आत्याचे नाही, स्वतःचे. रात्री जेवताना ती दादांशी हळू आवाजात काहीतरी बोलली. दादांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून आत्याला विहिरीवर एकटीनं जाऊ देईनात. कोणी ना कोणी सोबत असायचंच. आत्या म्हणायची, “माझा एवढा मान कधीपासून वाढला गं?”

कापूस जालन्याला गेला, खोली रिकामी झाली आणि ऊन तापायला लागलं. आता खरं पाणी पाहिजे होतं. गावातली पोरं पाठीला भोपळे बांधून विहिरीत उड्या मारायची, पण बायकांनी पोहणं ही गोष्ट गावानं ऐकलेलीच नव्हती. तेव्हा आत्याला खालांची आठवण झाली.

खाला आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. त्यांचे मालक कापडाचे व्यापारी होते. ते गेल्यावर मुलगा औरंगाबादला नोकरीला लागला आणि खाला इथे आपली पेरूची बाग सांभाळत एकट्या राहिल्या. बागेला उंच भिंत आणि मधोमध जुनी बारव, दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. त्या घरी उर्दू बोलायच्या, आमच्याशी मराठी-उर्दूची खिचडी. आत्यानं त्यांना सगळं खरं सांगितलं. खालांनी पुस्तक मागून घेतलं, चित्रं बघितली आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “तौबा! इसकू शरम नै, लेकिन हात बराबर मारता. कब आते बोलो.”

बाजाराच्या दिवशी गावातले सगळे पुरुष बाजारात असायचे. तोच दिवस ठरला. खाला वरच्या पायरीवर पानदान घेऊन बसल्या. आत्याच्या कमरेला एक दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक खालांनी आपल्या हाताला गुंडाळलं. मी मधल्या पायरीवर पुस्तक घेऊन. मी एक वाक्य वाचायचे, मग खालांसाठी ते उर्दूत सांगायचे, कारण नुसतं दोर धरून बसणं त्यांना मान्य नव्हतं. पहिल्या दिवशी आत्या पाण्यात पालथी झाली आणि दगडासारखी तळाला गेली. खालांनी दोर ओढून तिला वर काढलं.

“कापूस कसा धरून ठेवत होता गं,” आत्या खोकत म्हणाली. “हे पाणी तर सोडूनच देतंय.”

“किताब में देख, क्या लिखा,” खाला मला म्हणाल्या.

मी शोधून वाचलं. अंग ताठ करू नये, पाण्याशी भांडू नये, पाणी आपोआप उचलून धरतं. खालांनी ते ऐकून मान डोलावली. “सुन लो. झगडा नक्को करो उससे.”

आत्या उताणी झाली. कान पाण्यात गेले, डोळे मिटले, आणि ती पडून राहिली. तरंगत. खालांच्या हातातला दोर सैल पडला. मग ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, “आपल्याला वजनच न्हाई असं वाटून राह्यलं.” खालांनी पान तोंडात घालायचं तसंच हातात धरलं होतं.

उन्हाळाभर हे चाललं. मीसुद्धा शिकले, आत्याच्या पाठीला धरून. वैशाखातल्या एका बाजाराला आत्या म्हणाली, आज दोर नको. ती या पायरीवरून निघाली ते थेट समोरच्या भिंतीला हात लावून परत आली. परत आल्यावर तिला आनंद आवरेना. तिनं पाण्यातच अशी आरोळी ठोकली की बारवेतली कबुतरं उडाली. मी किंचाळले. खालांनी टाळ्या वाजवल्या. दगडी बारव ती; एका आवाजाचे चार होऊन गल्लीभर गेले.

त्या दिवशी दादा बाजारातून लवकर परत आले होते, बैलाचा पाय मुरगळला म्हणून. घरात आल्यावर त्यांनी आत्या कुठे आहे विचारलं. आई म्हणाली, खालांच्या बागेत. बागेत बारव आहे हे दादांना आठवलं. ते तसेच निघाले, आणि गल्लीत पोचेपर्यंत त्यांच्या कानावर आमच्या आरोळ्या आल्या.

आम्हाला दिसलं ते एवढंच: भिंतीच्या दारातून दादा धावत आले, चपला कुठेतरी मागे राहिलेल्या, तोंड पांढरं पडलेलं. खालांना सलाम नाही, काही नाही. “बाई! अगं बाई!” असं आत्याला हाका मारत ते पायऱ्या उतरायला लागले. खालच्या पायऱ्यांना शेवाळ होतं. दादा माझ्या शेजारून गेले ते थेट पाण्यात, पटक्यासकट.

आता दादा पोहून वर येतील म्हणून आम्ही वाट बघितली. दोन विहिरींचा धनी तो माणूस! पण दादांचा पटका सुटून तेवढा एकटा वर आला, आणि मागून दादांचे दोन हात. तेव्हा आमच्या ध्यानात आलं की दादांना पोहता येत नाही.

मी घाबरून पुस्तक उघडलं. शेवटून दुसरा धडा बुडणाऱ्याला कसं वाचवावं याचा होता, आणि मी तो घसा फोडून वाचायला लागले. “बुडणाऱ्याला समोरून धरू नये! तो मिठी मारतो! मागून जावे!” आत्याला ते पाठच होतं. तिनं बुडी घेतली, दादांच्या मागून वर आली, काखेत हात घालून त्यांची हनुवटी वर धरली आणि पाय झाडत झाडत पायरीकडे ओढलं. खालांनी दोर टाकला. आम्ही तिघींनी मिळून त्यांना वर घेतलं.

दादा पायरीवर बसले. मिशीतून पाणी गळत होतं. आम्ही मार खायच्या तयारीनं उभ्या होतो. खालांना काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी पान पुढे केलं. “खाओ भाई. अच्छा लगेगा.” दादांनी पान घेतलं आणि हातातच ठेवलं. मग आत्याकडे न बघता म्हणाले,

“मला वाटलं, तू जीव देऊन राह्यली.”

आत्या केसांतलं पाणी पिळत होती. तिचा हात थांबला. “मी? कशाला दादा?”

“तुझी वहिनी म्हणाली, घंगाळात...”

“अरे, पव्हायला शिकून राह्यले मी! सांगितलं होतं की वहिनीला. जीव द्यायचा असता तर घंगाळ कशाला लागतं?” आणि तिला हसू आलं. पण दादांचा चेहरा बघून ते हसू मध्येच मोडलं आणि ती त्यांच्या शेजारी बसली, ओल्या अंगाला अंग लावून. “दादा, म्हणून मला विहिरीवर एकटीला जाऊ देत न्हवते?”

दादांनी मान हलवली.

“मंग विचारायचं की मला.”

“कसं विचारू?” दादा म्हणाले.

एवढंच. घरी आईनं ओल्या दादांना बघून आधी कपाळाला हात लावला आणि मग पंचा आणला. पुस्तकाचं आता काही खरं नाही असं मी धरून चालले होते. चुलीत जाणार, नाहीतर मामांच्या डोक्यात. तीन-चार दिवसांनी दादांनी मला हाक मारली.

“ते पुस्तक आण.”

मी आणलं.

“वाच.”

“कुठून?”

“पहिल्यापासून. अन् दार लाव.”

त्या वर्षी कापूस घरात आल्यावर मागच्या खोलीला दुपारी आतून कडी लागायला लागली. मी आणि आत्या आत, आणि आमच्या पुढ्यात ढिगावर पालथे पडलेले दादा, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं सालदार गडी उठून उभे राहायचे. “पाय, दादा, पाय! बेडकासारखे!” आत्या ओरडायची. आईला वाटायचं आम्ही कापूस मोजून राह्यलोय. दादा कधी चांगले पोहणारे झाले नाहीत. दोन वर्षांनी त्यांना तरंगता यायला लागलं, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

माझी चौथी झाली तेव्हा शाळा बंद करायची हे ठरलेलंच होतं. मुली पुढे शिकत नसत. आत्यानं विषय काढला. “हिला जालन्याला धाडा. माझ्या मावससासूकडं राहील.” दादा नाही म्हणाले. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. बारवेचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही, पण ती कधीतरी ते घेईल या भीतीनं दादा रोज थोडे थोडे ढिले होत गेले. ज्येष्ठात मी जालन्याला गेले.

मी गेल्यावर आत्याला वाचून दाखवणारं कोणी उरलं नाही. मामांचं काम तर चालूच होतं. त्यांनी दुसरं पुस्तक आणलं होतं, ज्याच्यावर डोळे मिटून बसलेला सुंदर पांढरा बैल होता. मामांना वाटलं, ही बैलाची गोष्ट. ते गुरांच्या रोगांचं पुस्तक निघालं आणि डोळे मिटलेला बैल पोटफुगीनं आजारी होता. त्याला काय झालंय हे कळल्याशिवाय आत्याला चैन पडेना. तिनं मास्तरांकडून पाटी मागून आणली आणि पावसाळ्यात अक्षरं गिरवली. मी दिवाळीला आले तेव्हा ती बोट ठेवून ठेवून वाचत होती. पुढे पुढे लोक तिच्याकडे बैल दाखवायला आणायला लागले, आणि सणावारी मागच्या खोलीत जाऊन बसायला तिला फुरसतच राहिली नाही.

मामांनी आणखीही पुस्तकं आणली. एक आंब्याच्या कलमांचं, एक साबण करण्याचं, एक मोडलेलं हाड बसवण्याचं. एकही गोष्टीचं नाही. त्यामुळे पुस्तक म्हणजे काहीतरी कसं करावं हे सांगणारी वस्तू, अशीच माझी पक्की समजूत होती. जालन्याला वरच्या वर्गातल्या मुलींनी मला पहिल्यांदा कादंबरी दिली. तिच्यातली नायिका शेवटी नदीत उडी घेते. मुली हुंदके देऊन वाचायच्या. मी मात्र चिडले. पाणी किती खोल, ओढ किती, काठ कुठे, काही म्हणून लिहिलेलं नव्हतं. “उताणी झाली असती तर वाचली असती,” मी म्हणाले. मुली माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. अजूनही एखादी कादंबरी वाचताना कोणी स्वयंपाक केला की मला आधी प्रश्न पडतो, मीठ कधी घातलं?

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी गावोगाव मुसलमान घरांवर फार वाईट दिवस आले. आमच्या गल्लीत दादा आणि आणखी काही जण खालांच्या दारात रात्रंदिवस बसून राहिले, म्हणून तिथे काही झालं नाही. पण पुढे त्यांचा मुलगा आला आणि म्हणाला, आता एकटीला ठेवत नाही. बाग दादांनी घेतली. निघायच्या दिवशी मीही गावात होते. मोटारीत सामान भरून झालं, आणि खाला आत्याला म्हणाल्या, “वो किताब दे देती क्या मेरे कू?”

आत्यानं धावत जाऊन पोहण्याचं पुस्तक आणलं. पानं बारवेच्या पाण्यानं फुगलेली, शिवणीत अजून कापसाचे तंतू. “पण खाला, मराठी आहे हे,” मी म्हणाले. “तुम्हाला वाचता कुठं येतं?”

“पढना किसकू है?” खाला म्हणाल्या. “तूने पढके सुनाई, सब याद है. बस वो मूँछवाले कू देखते बैठूंगी.”

मोटार फाट्याकडे गेली. आत्या आणि मी बागेत परत आलो, कारण पेरूंना पाणी द्यायचं राहिलं होतं आणि ते काम आता आमच्याकडे आलं होतं. आत्यानं मोटेवरच्या गड्याला हाक मारली आणि लुगडं सावरत ती वाफ्याची दारं धरायला गेली.